मामा, तारा तेवढा नरम नाही

मिलिंदमामा,

तू गेल्याला आज अकरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडूनच राह्यले. परवा पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले, वंदना झाली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. किती शांत माणूस, किती सोशिक माणूस. मी मनात म्हटलं, ह्यांना माझा मामा भेटलेलाच दिसत नाही. सोशिक म्हणे! एका ताऱ्यावरून तू माझ्याशी कित्येक वर्षं भांडलास आणि एकदाही माघार घेतली नाहीस.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. राहिली कसली, मी मुद्दाम ठेवली. ती मला कळल्यानंतर तू नऊ दिवस जिवंत होतास, फोन उशाशी होता, मामी उचलून कानाला लावत होती. नऊ दिवसांत मी तुझ्या तब्येतीची चौकशी केली, डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं, खिचडी खाल्लीस का ते विचारलं. तेवढं सोडून सगळं विचारलं. आता जाफराबादच्या तुझ्या घरात, तुझ्याच लोखंडी खाटेवर बसून लिहिते आहे, आणि हे सांगितल्याशिवाय मी जर्मनीला परत जाणार नाही.

थेट मुद्द्यावर आले तर तूच अडवशील. "पहिल्यापासून सांग, मधूनच काय सुरू करती," असं तू मला दर वेळी म्हणायचास. तर पहिल्यापासून.

दहावीनंतर मला राजूरजवळच्या आमच्या खेड्यातून तुझ्याकडं आणून ठेवलं, तेव्हा तू जिनिंगमध्ये प्रेसवर होतास. कापसातली सरकी काढून झाली की जी पांढरी रुई उरते, ती पेटीत भरायची, दाबायची, पट्ट्या आवळून तिची गाठ बांधायची, हे तुझं काम. एका रविवारी डबा घेऊन आले तर तू मला प्रेसपाशी उभं केलंस आणि म्हणालास, "डोळे मीट. पंपाचा आवाज ऐक." मी ऐकत राहिले. आधी हलका होता, मग जड झाला, मग कण्हल्यासारखा यायला लागला. तू कानाशी ओरडून म्हणालास, "आता रुई उलटी ढकलून राह्यली बघ. दाबल्याबिगर तिचा जोर कळत न्हाई." केसांत रुई घेऊन घरी आले म्हणून मामीनं आपल्या दोघांनाही झापलं होतं.

पुढं मी पदार्थविज्ञान घेतलं, पुण्याला गेले, तिथून बाहेर. घरात सगळ्यांचं एकच चाललं होतं, पोरीची जात, एवढं शिकून काय करणार, वय निघून चाललं. माझ्या आईलासुद्धा ते पटायला लागलं होतं. तू तेव्हा आमच्या अंगणात उभं राहून म्हणाला होतास, "जाऊ द्या तिला. न्हाई जमलं तर येईल माघारी, माझं घर काय कुठं पळून चाललं का?" त्या एका वाक्यावर मी गेले, मामा. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण तुला तसलं बोललेलं आवडायचं नाही. लगेच "चहा ठेव" म्हणायचास.

नोकरी लागून पहिल्यांदा सुट्टीवर आले, तेव्हा तू ओट्यावर बसवून मला विचारलंस, नेमकं काय काम करती ते समजावून सांग. मी म्हटलं, काही मोठे तारे मरताना आतल्या आत कोसळतात आणि त्यांचा गोळा उरतो. त्याला न्यूट्रॉन तारा म्हणतात. सूर्यापेक्षा जड, पण केवढा, तर राजूर ते जालना एवढ्या जागेत मावणारा. त्याचं स्वतःचंच वजन त्याला दाबत असतं. आतलं द्रव्य कडक असेल तर ते उलटं ढकलतं आणि तारा तग धरतो. नरम असेल तर तारा आणखी कोसळतो आणि कृष्णविवर होऊन बसतो.

"मंग तुला ठरवायचं काय?"

"कडक का नरम, तेच."

"आन् ते इथून कसं कळणार? ताऱ्यावर कोण जाऊन आलं?"

मग मी प्रवेगकाचं सांगितलं. तो आमचा भलाथोरला ॲक्सिलरेटर. त्यात सोन्याचे अणुगर्भ पळवत पळवत प्रकाशाच्या वेगाजवळ न्यायचे आणि सोन्याच्याच पातळ पत्र्यावर आदळायचे. आदळले की एका क्षणापुरतं, चुटकी वाजवायला लागतो त्याच्या कितीतरी कमी वेळ, ताऱ्याच्या पोटातल्यासारखं दाट द्रव्य तयार होतं. ते लगेच फुटतं आणि कणांचा फवारा बाजूला उडतो. फवारा जोरात उडाला तर द्रव्य कडक, फुसका उडाला तर नरम.

तू गुडघ्यावर थाप मारलीस. "म्हंजे पट्टी तोडल्यावर गाठ किती फुगती ते बघायचं! अगं, हे तर मी रोज करून राह्यलो. मला का न्हाई बोलवत जर्मनीला?"

मामी आतून म्हणाली, "सोन्यावर सोनं आपटती ही. आन् माझ्या गळ्यात एक मणी न्हाई." त्या दिवसापासून तू बसस्टँडवर, पानटपरीवर, दवाखान्याच्या रांगेत, जिथं भेटेल त्याला माझी ओळख करून द्यायचास, ही आमची सोनं फोडणारी. मी चिडायचे. पण खरं सांगू? मोठमोठ्या सभांमध्ये लांबलचक पदव्या लावून माझी ओळख करून देतात, तेव्हा एवढं बरं वाटत नाही.

आणि त्याच बैठकीत तू तो आक्षेप काढलास, ज्याच्यावरून आपण पुढं भांडत राहिलो. "तारा तर किती काळापासून दबून थंड बसलेला. तुम्ही आपटता. आपटलं की तापतं. तापलेली रुई आन् थंड रुई एकसारखी ढकलती का? बिलकुल न्हाई." मी म्हटलं, गरमीचा वाटा आम्ही हिशेबानं वजा करतो. तू म्हणालास, "वजा करता ते बराबर वजा होतं कशावरून?" मी गणित मांडलं. तू म्हणालास, गणित मला कळत न्हाई, पण तू घाबरून बोलून राह्यली एवढं कळतं. मी घाबरत नव्हते! आजही नाही. अजूनही माझं मत आहे की गरमी वजा करता येते, वेगवेगळ्या जोरानं आपटून तपासता येते, आणि ते काम मी करून दाखवणार आहे. तू नाहीस म्हणून ह्या वादात मी तुला जिंकू देईन अशा भ्रमात राहू नको.

पण दुसरा एक वाद होता.

त्याआधी तुझी ती पाण्याची गोष्ट सांगायला पाहिजे. तुझी किती वेळा सांगून झाली होती, तरी सांगताना तू दर वेळी नव्यानं हसायचास. तू प्रेसवर नवा होतास. एक माल आला, दाबायला अगदी सोपा, पंप कण्हलाच नाही. तू वर जाऊन ऐटीत सांगितलंस, ह्या साली रुई नरम आली. तुझ्या शब्दावर तो माल चांगल्या मालात मिसळला. आठ-दहा दिवसांनी गाठींना वास यायला लागला. फोडून बघितलं तर आत पिवळी पडलेली, गरम. रुई नरमबिरम काही नव्हती, वजन वाढावं म्हणून कुणीतरी तिच्यावर पाणी मारलं होतं. तुला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, तरी तू मॅनेजरपुढं जाऊन उभा राहिलास आणि म्हणालास, मी न तपासता बोललो. मग तू आणि रज्जाकभाई, दोघांनी मिळून त्या सगळ्या गाठी फोडल्या. रज्जाकभाई तुझ्या जोडीला प्रेसवर होता, तो अजून तिथंच आहे. तेव्हापासून कुठलाही माल नरम लागला की तू आधी हात घालायचास आत, कोपरापर्यंत, ओल बघायला.

तो हात घालताना नाकाला नुसता रुमाल बांधायचास. मी तिकडून चांगले मास्क पाठवले, एकदा नाही, तीनदा. ते मामीनं जपून पेटीत ठेवलेले काल सापडले. मामा, ह्यावरून मी तुझ्यावर फार चिडलेली आहे. रुईच्या धुळीनं तुझी छाती भरत गेली, खोकला घरातल्या माणसासारखा झाला, आणि तू म्हणायचास, रुमाल बराबर हाय, मास्कात जीव गुदमरतो. गुदमरलास ना शेवटी. हे मी लिहिणारच. तुझ्याशी गोड बोलायची आपली सवय नाही.

आता तो फोन.

तू जालन्याच्या दवाखान्यात होतास. माझं दोन वर्षांचं काम संपत आलं होतं. आकडे आले होते आणि ते नरम आले होते, सगळ्यांच्या अंदाजापेक्षा नरम. आमच्या गटात खळबळ उडाली होती. मोठ्या बैठकीत ते मी मांडायचे असं ठरलं होतं. मला कधी एकदा तुला सांगते असं झालं होतं.

"मामा, नरम निघालं! सगळ्यांचे अंदाज चुकले."

तू थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिलास. मग म्हणालास, "लई नरम?"

"लई."

"मंग पाणी मारलेलं न्हाई ना कुणी, ते बघितलं का?"

मी हसले. "मामा, सोनं आहे ते. सोन्यावर कोण पाणी मारणार?"

"तसं न्हाई गं. दुसरा काही माल मिसळला का त्यात? येवढं नरम लागलं म्हंजे आधी हात घालून बघायचा."

आणि मी बोलले. रात्रंदिवस काम करून थकले होते, कौतुक ऐकायला फोन केला होता, सगळं खरं, पण बोलले ते बोलले. म्हटलं, "मामा, हा तुझा कापूस नाही. तुला त्यातलं काय कळतं?"

तू म्हणालास, "बराबर हाय. मला काय कळतं." तू रागावला नव्हतास. खोकल्याची उबळ आली म्हणून मामीनं फोन घेतला.

तीन दिवस ते वाक्य मला टोचत राहिलं. चौथ्या दिवशी तुला खोटं पाडायचं म्हणून मी तपासायला बसले. हो, खोटं पाडायलाच. चांगुलपणानं नाही.

आमच्याकडं सोन्याच्या पत्र्याच्या आधी हिऱ्याची एक पातळ चकती असते. अणुगर्भ तिच्यातून आरपार जातात आणि ती फक्त वेळ नोंदवते. पण थोडे अणुगर्भ त्या चकतीवरच आदळतात. हिरा म्हणजे नुसता कार्बन, सोन्यापुढं अगदी हलका. त्याच्यावर आदळलं की दाब पडतच नाही, फवारा फुसका निघतो. त्या टकरा वगळायच्या असतात. कुठून पुढच्या टकरा धरायच्या, अशी एक हद्द आखावी लागते. ती मी आखली होती, पण आधीच्या प्रयोगाची जशीच्या तशी उचलून. ह्या वेळी चकती वीतभर पुढं, पत्र्याकडं सरकवलेली होती. हे मला माहीत होतं. माहीत असून माझ्या डोक्यात आलं नाही. हिऱ्यावरच्या टकरा सोन्याच्या म्हणून मोजल्या गेल्या होत्या, आणि दोन वर्षं मी तो मिसळलेला माल दाबून नरम-नरम म्हणून नाचत होते.

सकाळचे अकरा वाजले होते. मी खुर्चीत बसून मोठ्यानं म्हणाले, "मामा, मेल्या!" शेजारच्या टेबलावरच्यानं वळून बघितलं. त्या क्षणी फोन लावला असता तर तू काय खुश झाला असतास! मी नाही लावला. म्हटलं, आधी नीट खात्री करू. मग म्हटलं, तू बरा झालास की सांगू. मग म्हटलं, सुट्टीवर येईन तेव्हा समोर बसून सांगू. खरं कारण एवढंच की "तुला काय कळतं" म्हणालेल्या तोंडानं "तू बरोबर होतास" म्हणायची मला लाज वाटत होती. आणि आणखी एक कबूल करते. तुला सांगितलं की मग तिकडंही सांगावं लागणार होतं. दोन वर्षांचं काम, सगळ्यांनी पाठ थोपटलेली, आणि आता मीच उठून म्हणायचं की चुकलं. गटात दुसऱ्या कुणाला ते दिसलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर वर्ष-दोन वर्षं तरी कुणाला दिसलं नसतं. नऊ दिवस मी दोन्हीकडं गप्प राहिले. दहाव्या दिवशी मामीचा फोन आला.

इथं आले तेव्हाही गप्पच होते. बैठक येत्या सोमवारी आहे. मला इथूनच बोलायची परवानगी मिळाली होती, आकडे तेच होते, चुकीचे.

परवा सगळे उठायला लागल्यावर रज्जाकभाई माझ्याजवळ आला. डोळे पुसत म्हणाला, "बेटी, तुझ्या मामानं दवाखान्यात पण आम्हाला तुझंच सांगितलं. म्हणे, आमच्या वैशीला तारा नरम लागून राह्यला."

म्हटलं, "आणखी काय म्हणाला?"

"म्हणे, पण ती आत्ताच कुणाला सांगणार न्हाई. आधी आत हात घालून बघती का न्हाई बघा. माझ्या हाताखाली तयार झालेली हाय, जल्दी करणार न्हाई."

घरात आले, भिंतीकडं तोंड करून रडले. मी फोनवर तुझा अपमान केला, आणि तू तिथं नळ्या लावलेल्या अवस्थेत चार माणसांना माझी खात्री देत होतास. एवढा कसला रे विश्वास? मला राग आला तुझा. आणि एवढं प्रेम कुणी केलं असेल का माझ्यावर, तेही वाटलं.

काल सकाळी मी लॅपटॉप उघडून ओट्यावर बसले. मामी शेंगा निवडत होती. तिला सगळं सांगितलं, हिऱ्याची चकती, हद्द, फोन, सगळं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "नोकरी जाती का?"

"नोकरी नाही जात. नाव जाईल थोडं."

"तुझ्या मामाचं गेल्तं एकदा. दोन महिन्यांत आलं माघारी. लिही."

मी लिहिलं. आमच्या गटाची प्रमुख आहे, कडक बाई, तिला. आकडे चुकले आहेत, चूक माझी आहे, अशी अशी झाली. हिऱ्यावरच्या टकरा काढून पुन्हा केलेला हिशेब जोडला. मामा, नीट ऐक, तारा तेवढा नरम नाही. चांगला कडक आहे. आकाश बघणाऱ्यांना जे जडच्या जड तारे न कोसळता उभे दिसतात, ते का उभे आहेत, ते ह्या आकड्यांशी आता जुळतं. खळबळ गेली, पण उत्तर आलं, आणि ते माझंच काम आहे, ह्याचा मला अभिमान वाटतो. तुला त्यातलं कळत होतं. माझ्यापेक्षा आधी कळलं. माफ कर.

दुपारी उत्तर आलं. ती रागावली होती, दोन ओळी रागावली. मग विचारलं होतं, ही चूक कुणाला दिसली? लेखात त्यांचे आभार मानावे लागतील, पूर्ण नाव आणि संस्था कळव. मी तुझं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, प्रेसमन, जिनिंग-प्रेसिंग कारखाना, जाफराबाद, जिल्हा जालना. पाच मिनिटांत परत तिचं पत्र. सोमवारच्या बैठकीला त्यांना घेता येईल का? आकडे न बघता त्यांना कसं कळलं, ते आम्हाला त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे.

हे मी मामीला मराठीत वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिही, ते आता न्हाईत. त्यांच्या भाचीला विचारा म्हणावं, तिला सगळं माहीत हाय."

तसंच लिहिलं. सोमवारी दुपारी साडेतीनला ह्याच खाटेवर बसून मी बोलणार आहे. आधी माझी चूक सांगणार, मग रुईचं सांगणार, पाण्याचं सांगणार, नरम लागलं की तू आत हात घालायचास ते सांगणार. मामी शेजारी बसणार आहे. मी म्हटलं, मामी, इंग्रजीत असतं सगळं, तुला कंटाळा येईल. तर म्हणाली, "न्हाई कळलं तर न्हाई. एवढ्या लोकांपुढं चुकले म्हणायचं, तर घरचं कुणीतरी बाजूला पाहिजे."